गावाच्या सांडपाण्यासाठी शैवालाचं तळं: जेसीबी बोलवण्याआधी टबात करून पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाची वस्ती हजाराच्या आसपास. योजनेतून बांधलेला सांडपाण्याचा प्रकल्प ब्लोअरच्या वीजबिलापायी बंद पडलाय. नाल्याच्या कडेला ग्रामपंचायतीची मोकळी जागा आहे. कुणीतरी सांगितलंय की शैवालाचं कल्चर, म्हणजे विरजणासारखं तयार जिवंत शैवाल, सोडलं की पाणी आपोआप शुद्ध होतं, हवा सोडावी लागत नाही, वर शैवाल विकून ग्रामपंचायतीला उत्पन्नही मिळतं. हे खरं का, आणि करायचं तर कसं?

हवेबद्दल सांगितलंय ते बरंचसं खरं आहे. ‘आपोआप’ हे खोटं आहे. उत्पन्नाचा हिशेब तर आत्ताच बाजूला ठेवा, त्याच्या आशेने पुढे सगळे निर्णय चुकतात.

आधी कोण काय काम करतं ते नीट समजून घ्या. सांडपाण्यातली घाण खातात ते जिवाणू. खाताना त्यांना ऑक्सिजन लागतो. नेहमीच्या प्रकल्पात तो ब्लोअरने फुंकावा लागतो आणि प्रकल्पाच्या एकूण विजेतला साधारण निम्मा, कधी त्याहूनही मोठा वाटा तिथेच जातो. तुमचं बिल तिथेच फुगलं. शैवालाच्या तळ्यात ब्लोअरची जागा शैवाल घेतं. एक ग्रॅम शैवाल तयार होताना सुमारे दीड ग्रॅम ऑक्सिजन पाण्यात सुटतो, तोही बुडबुड्यांतून निसटून न जाता थेट विरघळलेला. जिवाणू घाण खाऊन जो कार्बन डायऑक्साइड सोडतात तो शैवाल उचलतं, सोबत अमोनिया आणि फॉस्फेटही घेतं. देवाणघेवाण इतक्यावरच थांबत नाही. शैवालाच्या निम्म्याहून अधिक जातींना बी-१२ जीवनसत्त्व बाहेरून मिळावं लागतं आणि ते त्यांना जिवाणूंकडून मिळतं, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. म्हणून प्रयोगशाळेतलं एकाच जातीचं शुद्ध शैवाल आणून सांडपाण्यात सोडणं मला कधीच पटलेलं नाही. ज्याला जोडीदार लागतो त्याला एकटं कशाला आणायचं?

ही पद्धत जुनी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, विल्यम ऑस्वाल्ड आणि हॅरॉल्ड गोटास यांनी १९५० च्या दशकात तिचा पाया घातला. उथळ, शर्यतीच्या ट्रॅकसारखं लांबट गोल तळं, मधे एक भिंत आणि पाणी हळूहळू फिरवत ठेवणारं पॅडलव्हील. आजही रेसवे पाँड म्हणतात तो हाच. आपल्याकडे लोकांना ठाऊक असलेलं ऑक्सिडेशन पाँड हे त्याचंच खोल, संथ आणि खूप जागा खाणारं भावंड.

आता तुमच्या गावाचा हिशेब मांडू. जलजीवनच्या निकषाने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आणि त्यातलं ८० टक्के गटारात येतं असं मानलं, तर हजार माणसांचं रोजचं सांडपाणी ४४,००० लिटर, म्हणजे ४४ घनमीटर. तळ्यात पाणी ६ दिवस थांबवायचं, खोली ३० सेंटीमीटर. म्हणजे २६४ घनमीटर पाणी आणि ८८० चौरस मीटर जागा. गुंठ्यांत सांगायचं तर पावणेनऊ. गाळाचे हौद, फिरायला बांध, कुंपण धरून पंधरा गुंठे मोकळे असले तर काम जमेल. बीओडी, म्हणजे घाण खाताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, लिटरला २०० मिलिग्रॅम असेल तर रोज ८.८ किलो भार येतो, चौरस मीटरला १० ग्रॅम. उन्हाळी हवामानात एवढा भार असं तळं पेलतं. हाच हिशेब एक लाख वस्तीच्या शहराला लावा. माणशी १३५ लिटर पाणी धरलं तर नुसत्या तळ्यालाच ५० एकरांहून जास्त जमीन लागते. म्हणून शहरातल्या मंडळींनी हा प्रश्न विचारला की मी त्यांना परावृत्त करतो. गावाला, वसतिगृहाला, दूध संकलन केंद्राला मात्र हे शोभतं.

पण त्याआधी मला एक सांगा. तुमच्या गटारात संडासाचं पाणी येतं का? आपल्या बऱ्याच गावांत संडास शोषखड्ड्यावर असतात आणि गटारातून वाहतं ते न्हाणीचं, भांड्यांचं, कपड्यांचं पाणी. त्यात साबण भरपूर आणि नायट्रोजन कमी, कारण लघवी त्यात नसते. अशा पाण्यावर शैवाल उपाशी राहतं, तळं फिकट आणि निस्तेज दिसतं. तुमचं पाणी असं असेल तर एवढा खटाटोप करूच नका, शोषखड्डे आणि पाणी नुसतं थांबवून ठेवणारं साधं स्थिरीकरण तळं पुरेल. गोठ्यांचं धुवण गटारात येत असेल तर मात्र चित्र बदलतं. एक नमुना प्रयोगशाळेत पाठवून बीओडीसोबत अमोनियाही तपासून घ्या.

अमोनिया फार असणंही वाईट. दुपारी शैवाल कार्बन डायऑक्साइड संपवतं, त्यामुळे पाण्याचा पीएच चढतो. ९.२५ च्या आसपास पोचला की अमोनियातला अर्धा भाग मुक्त वायुरूपात येतो आणि तो शैवालालाच मारक असतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे सांडपाणी तळ्यात दुपारी सोडायचं. ताज्या सांडपाण्यातल्या कार्बनने पीएच खाली येतो आणि त्या वेळी तळ्यात ऑक्सिजनही भरपूर असतो. रात्रभर सांडपाणी सोडत राहणं ही मी पाहिलेली सगळ्यात सर्रास चूक. रात्री शैवाल ऑक्सिजन देत नाही, उलट स्वतःच घेतं. पहाटे पाच-साडेपाचला टॉर्च घेऊन डीओ मीटर, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा मीटर, बुडवला की काटा शून्याला टेकलेला दिसतो. त्याच जागी दुपारी दोनला लिटरला २० मिलिग्रॅमच्या वर जातो. तीस अंशांच्या पाण्यात हवेतून फार तर साडेसात मिलिग्रॅम विरघळतो, बाकीचा सगळा शैवालाने दिलेला. हे दोन आकडे रोज वहीत लिहिले तर तळ्याच्या तब्येतीचं निम्मं चित्र समोर येतं. दुपारचा आकडा सलग तीन दिवस उतरत गेला तर काहीतरी बिघडतंय हे समजा, रंग बदलण्याची वाट पाहू नका.

तळ्याच्या बांधकामावर फार बोलत नाही. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद इथेही चालतो. वळणांवर पाणी मंदावून गाळ साचतो, तिथे वळणाच्या आकाराची पत्र्याची आडभिंत लावा. एवढ्या तळ्याच्या पॅडलव्हीलला गिअरबॉक्स लावलेली एक अश्वशक्तीची मोटर पुरते. ढवळणं मुख्यतः दिवसाच हवं असल्याने सौर पॅनेलशी तिची जोडी चांगली जमते. वेग बघायला यंत्र नको. पाण्यात एक लिंबू टाका आणि काठाने तीन मीटर चालत जा. पंधरा ते वीस सेकंदांत लिंबू तिथे पोचलं तर वेग योग्य. त्याहून फार हळू असेल तर गुठळ्या तळाला बसून कुजतात, फार जोरात असेल तर वीज फुकट आणि गुठळ्याही फुटतात.

आता मुख्य मुद्दा. याच मुद्द्यावर बहुतेक प्रकल्प आपटतात आणि कल्चर विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

तळं महिनाभरात गच्च हिरवं होतं, लोक फोटो काढतात. पण त्या हिरव्या पाण्यात लिटरला सुमारे २०० मिलिग्रॅम शैवाल-जिवाणू असतात. ते वेगळं न काढता पाणी सोडलंत तर प्रयोगशाळेच्या लेखी ती सगळी घाणच. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांबाहेर तरंगत्या घन पदार्थांची मर्यादा १०० आणि बीओडीची ३० मिलिग्रॅम आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने यापेक्षा बरेच कडक, २० आणि १०, असे आकडे सांगितले. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या संमतिपत्रात कोणते लिहिलेत ते पाहा. दोन्ही मर्यादा हिरवं पाणी मोडतं. बीओडीच्या चाचणीत नमुना गाळून घेत नाहीत आणि बाटली तीन ते पाच दिवस अंधारात ठेवतात. अंधारात शैवाल श्वास घेतं, मरतं, कुजतं आणि ऑक्सिजन खातं. जो कार्बन विरघळलेल्या घाणीतून तुम्ही काढला तोच शैवालाच्या रूपाने तुमच्या अहवालात परत येतो. नाल्यात सोडल्यावर नाल्यातही हेच होतं. म्हणून मी म्हणतो, शैवाल वाढवणं म्हणजे शुद्धीकरण पूर्ण होणं नाही. ते पाण्यातून बाहेर काढलं की शुद्धीकरण पूर्ण होतं.

आणि बाहेर काढणं अवघड आहे. क्लोरेलासारख्या एकपेशीय शैवालाची पेशी जेमतेम पाच-दहा मायक्रॉनची, वजन पाण्याच्याच आसपास, वर पृष्ठभागावर ऋण भार, त्यामुळे पेशी एकमेकींना दूर लोटतात. नुसतं क्लोरेलाचं पाणी दोन दिवस भांड्यात ठेवलं तरी निवळत नाही. सेंट्रिफ्यूज, म्हणजे वेगाने फिरवून शैवाल वेगळं काढणारं यंत्र, गावाला परवडत नाही. तुरटीने बसतं, पण रोजच्या तुरटीचा खर्च आणि गाळात ॲल्युमिनियम हे दोन्ही नको.

यातून वाट काढतात ते पुन्हा जिवाणूच. ते चिकट स्राव सोडतात, त्यात शैवालाच्या पेशी अडकतात आणि गुठळी तयार होते, जिला प्रकल्पावरची पोरं फ्लॉक म्हणतात. चांगली गुठळी कशी दिसते सांगतो. एक लिटरच्या काचेच्या सिलिंडरमध्ये तळ्याचं पाणी घ्या आणि उन्हाकडे धरा. सुरुवातीला सगळं एकसारखं हिरवं दिसतं. दोन-तीन मिनिटांत त्यात रव्यासारखे दाणे दिसू लागतात. कडेला हिरवे, मधे तपकिरी, कारण मधे जिवाणू असतात आणि प्रकाश हवा म्हणून शैवाल बाहेरच्या अंगाला. मग वरून एक स्वच्छ रेघ खाली सरकू लागते. अर्ध्या तासात दाणे तळाशी बसतात आणि वर फिकट पिवळसर, आरपार दिसणारं पाणी उरतं. ज्या दिवशी पहिल्यांदा ही रेघ सरकताना दिसते, त्या दिवशी तुमचा प्रकल्प चालू झाला असं समजा, तळं हिरवं झालं त्या दिवशी नव्हे. गुठळीचा आणखी एक फायदा आहे. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात, सुटे असले तर सहा दिवसांत वाहून जातात. गुठळीत ते टिकतात. २०० मिलिग्रॅम शैवाल स्वतःच्या अंगात जेमतेम १५-१६ मिलिग्रॅम नायट्रोजन घेतं आणि सांडपाण्यात त्याच्या दुप्पट असतो, म्हणून हे जिवाणू टिकणं गरजेचं.

गुठळी आपोआप मिळत नाही, निवडून घ्यावी लागते. तळ्यातून निघालेलं पाणी शंकूच्या आकाराच्या तळाच्या हौदात तास-दोन तास थांबवायचं. जे बसलं त्यातला थोडा भाग परत तळ्यात टाकायचा, जे तरंगत राहिलं ते वरच्या पाण्याबरोबर जाऊ द्यायचं. रोज हेच करत राहिलं की बसणारे वाढत जातात आणि न बसणारे हळूहळू हद्दपार होतात. शेतकरी बियाण्याला भरदार कणसं बाजूला काढतो, तसंच हे. न्यूझीलंडमध्ये नीवा या संस्थेच्या हॅमिल्टनच्या संशोधकांनी हेच करून दाखवलं. खाली बसलेल्यातला थोडा भाग परत टाकत राहिल्यावर पीडिअ‍ॅस्ट्रम नावाचं, चकतीसारख्या वसाहती करणारं आणि सहज बसणारं शैवाल त्यांच्या तळ्यात टिकून राहिलं. परत टाकताना सेंट्रिफ्यूगल पंप वापरू नका, त्याच्या पंख्यात गुठळीचा चुरा होतो. एअरलिफ्ट, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी पाणी वर उचलणारी नळी, लावा किंवा बादलीने टाका. ४४ घनमीटरच्या प्रकल्पाला बादली पुरते.

पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत हा प्रश्न माशांनी सोडवलाय. १२,५०० हेक्टरचा तो पट्टा २००२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आहे. तिथले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या शहराचं सांडपाणी उथळ भेड्यांमध्ये, म्हणजे मासे वाढवायच्या तळ्यांमध्ये घेतात, ऊन आणि शैवाल-जिवाणू आपलं काम करतात आणि शैवाल मासे खातात. शैवाल काढून घ्यायला कुणीतरी लागतंच हे त्यांनी आपल्या आधी ओळखलं. पण तिथे विस्तीर्ण पाणी आहे आणि ते किती, कधी आत घ्यायचं याचं अनुभवाचं ज्ञान आहे. पंधरा गुंठ्यांत त्याची नक्कल करून मासे विकायचा विचार कृपा करून करू नका.

माझं एक तळं हातचं गेलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही सावध राहाल. माणदेशातल्या एका वसतिगृहाच्या सांडपाण्यावरचं तळं, चार महिने उत्तम चाललेलं. एका शनिवारी दुपारचा ऑक्सिजन थोडा उतरला, मी ढगाळ हवेवर टाकून घरी आलो. मंगळवारी गेलो तर पाणी काचेसारखं स्वच्छ. वसतिगृहाची मंडळी खूश होती. मी वाटीत पाणी घेतलं तर त्यात उड्या मारणारे बारीक ठिपके. डॅफ्निया, शैवाल खाणारे पाण्यातले बारीक जीव. तीन दिवसांत त्यांनी तळ्यातलं शैवाल फस्त केलं होतं. ऑक्सिजन देणारं कुणी उरलं नाही आणि गुरुवारपर्यंत तळं काळं पडून वास सुटला. सावरायला महिना लागला, आणि त्या महिन्यात मुलांना खिडक्या बंद ठेवून झोपावं लागलं. ती गोष्ट मला आजही लागते, कारण शनिवारचा आकडा माझ्या वहीत होता. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा चालतो. रोटिफर (हेही शैवाल खाणारे सूक्ष्म जीव) किंवा डॅफ्निया वाढताना दिसले की दोन-तीन दिवस पाणी मुद्दाम लवकर बदलतो, म्हणजे त्यांना पिल्लावळ वाढवायला वेळ मिळत नाही. आणि बाजूच्या हौदात चांगल्या दिवसांतलं विरजण, म्हणजे बसलेल्या गुठळ्या, नेहमी राखून ठेवतो.

पावसाळ्याचं नियोजन आधीच करा. तीस सेंटीमीटरच्या तळ्यात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर तळ्याच्या एक तृतीयांश इतकं पाणी वरून आलं. म्हणून काठ निदान अर्धा मीटर उंच ठेवा आणि जादा पाण्याची वाट हौदातूनच काढा, नाहीतर विरजणच वाहून जाईल. सलग ढगाळ आठवड्यात ऑक्सिजन कमी पडतो. बंद पडलेल्या प्रकल्पातला एक ब्लोअर विकू नका, अशा दिवसांत पहाटे दोन तास तो चालवला तरी तळं वाचतं. कोकणात, घाटमाथ्यावर मी ही पद्धत सुचवत नाही. अवर्षणप्रवण भागात उलटी अडचण असते. मे महिन्यात रोज आठ-दहा मिलिमीटर पाणी उडून जातं, क्षार वाढतात, आणि तेच पाणी शेताला द्यायचं असेल तर ते लक्षात घ्यावं लागतं. तिथल्या जड पाण्याचा एक फायदा मात्र मिळतो. दुपारी पीएच चढला की कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार सुटून येतात आणि गुठळी बसायला मदत होते.

शैवालाचं काय करायचं? सांडपाण्यावरचं शैवाल माणसाच्या किंवा जनावराच्या पोटात जाता कामा नये. त्यात रोगजंतू असू शकतात, जड धातू असू शकतात. स्पिरुलिना या खाण्याच्या शैवालाच्या गोळ्यांचा दाखला देऊन कुणी भुलवू लागलं तर स्पष्ट नाही म्हणा. तुमच्या तळ्यातून रोज आठ-नऊ किलो सुकं शैवाल-जिवाणू निघेल, तेही भरपूर पाण्यासकट. विक्रीच्या दृष्टीने ते काहीच नाही. खताच्या दृष्टीने मोलाचं. शैवालात नायट्रोजन जास्त, उसाच्या पाचटात कार्बन जास्त. दोन्हीचे थर देऊन ढीग घातला की पाचटही लवकर कुजतं. शेणाच्या बायोगॅसमध्ये थोडं घालता येतं, नुसतं शैवाल घालू नका, त्याने अमोनिया वाढतो.

आता करायचं ते सांगतो. जेसीबी बोलवण्याआधी तीन-चार आठवडे एक टब चालवा. तीस सेंटीमीटर खोल, साठ लिटरचा, पूर्ण उन्हात ठेवलेला. तुमच्याच गटाराचं गाळून घेतलेलं सांडपाणी भरा. विकतचं कल्चर नको. गटाराच्या उन्हातल्या कडेला हिरवा थर असतो, तो मूठभर खरवडून घाला. जवळपास चालू एसटीपी, म्हणजे सांडपाण्याचा प्रकल्प, असेल तर तिथला लिटरभर जिवंत स्लज, म्हणजे जिवाणूंचा गाळ, घाला. हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा. दिवसा तासातासाला लाकडी फळीने सावकाश ढवळा. हवेचा पंप लावू नका, नाहीतर ऑक्सिजन शैवालाने दिला की पंपाने हे कळणार नाही. रोज दुपारी अर्धा तास ढवळणं थांबवा आणि वरचं दहा लिटर पाणी मगाने अलगद काढा, मग तेवढंच नवं सांडपाणी घाला. वरचंच काढायचं, तळाचं हलवायचं नाही. बसणारे निवडण्याचं काम इथूनच सुरू होतं. पहिला आठवडा वास येईल, दुसऱ्यात नुसतं हिरवं दिसेल, घाई करू नका. तिसऱ्या आठवड्यात ढवळलेलं पाणी काचेच्या सिलिंडरमध्ये घेऊन अर्धा तास ठेवा आणि मागे वर्तमानपत्र धरा. वरच्या पाण्यातून बातमीची बारीक अक्षरं वाचता आली तर जागा आखायला घ्या. नाही आली तर टब आणखी पंधरा दिवस चालू ठेवा, आणि पहाटेचा व दुपारचा ऑक्सिजन, पीएच आणि गुठळी किती मिलिलिटरवर बसली हे आकडे मला कळवा.